डब्याच्या अलीकडे

2017च्या एप्रिलमध्ये पुण्याजवळच्या उरुळी देवाची-फुरसुंगी कचरा डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी शहरातून येणाऱ्या गाड्या अडवून धरल्या. ज्ञानोबांची पालखी हडपसर सोडून ज्या सासवड रस्त्यानं दिवे घाटाकडे जाते, त्याच रस्त्यालगतची ही गावं. वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा त्यांच्या उशाशी येऊन पडत होता. विहिरींचं पाणी बिघडल्याच्या, धुराच्या, माश्यांच्या तक्रारी जुन्या होत्या. आश्वासनंही तितकीच जुनी होती. या वेळी आंदोलन तीन आठवडे चाललं. शहरात ठिकठिकाणी ढीग साचले, वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो आले आणि मुख्यमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर गाड्या पुन्हा सुरू झाल्या. त्या तीन आठवड्यांत पुणेकरांच्या तोंडी एकच प्रश्न होता: कचरा कधी उचलणार? त्या ढिगात नेमकं काय आहे, हे विचारणारा क्वचितच भेटला.

आदल्या वर्षी, 2016च्या जानेवारीत, मुंबईत देवनारचा डोंगर पेटला होता. 1927पासून मुंबईचा कचरा तिथं जातो आहे. त्या आगीचा धूर उपग्रहानं टिपलेल्या छायाचित्रांत दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तिथंही चर्चा रंगली ती आग कुणी लावली याची.

हे पुस्तक त्या चर्चेच्या दुसऱ्या टोकाला सुरू होतं: ओट्याखालच्या डब्यापाशी, किंबहुना त्याच्याही अलीकडे, वाण्याच्या दुकानात आणि मोबाइलवरच्या खरेदीत. पुढच्या प्रकरणांत सूचना भरपूर आहेत. कुठली वस्तू कुठल्या डब्यात, टोपलीत पाला किती, पिशवी धुवायची की नाही. सूचना कंटाळवाण्या असतात आणि त्यामागचं कारण कळलं नाही तर त्या चार दिवसांत बारगळतात. ते कारण सांगणं एवढंच या प्रस्तावनेचं काम.

डेपो का पेटतो, इथून सुरुवात करू. आपल्या शहरांच्या कचऱ्यात ओल्याचा वाटा साधारण निम्मा किंवा त्याहून अधिक असतो: भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा, उष्टं-खरकटं, निर्माल्य. हा सगळा ऐवज मातीत जायला तयारच असतो. हवा मिळाली तर दोन-तीन महिन्यांत त्याचं खत होतं. पण तोच प्लास्टिकच्या पिशवीत भरून गाठ मारली, ती पिशवी हजारो पिशव्यांखाली दाबली गेली, की आतली हवा संपते. मग हवेविना जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि मिथेन तयार होतो. गोबर गॅसच्या शेगडीत जळतो तोच हा वायू. ठिणगी कुणाची का असेना, जळण आपल्या स्वयंपाकघरातून गेलेलं असतं. त्याच ढिगातून झिरपणारं काळं पाणी जमिनीत उतरतं आणि जाताना बॅटऱ्यांमधलं, रंगाच्या डब्यांमधलं, औषधांमधलं जे काही विरघळेल ते सोबत नेतं.

देठ सुटं असतं तर त्याचं खत झालं असतं. पिशवी कोरडी, सुटी असती तर भंगारवाल्यानं तिला भाव दिला असता. दोन्ही एकत्र गेली आणि दोन्ही वाया गेली. घरगुती कचऱ्यात जे बिघडतं ते बहुतेक असं मिसळण्यानं बिघडतं. डाळ आणि तांदूळ एकत्र सांडले तर निवडता येतात. खिचडी झाल्यावर येत नाहीत. शहरं मोठमोठी यंत्रं आणतात, चाळण्या बसवतात, कचऱ्यापासून वीज करण्याचे करार करतात. पण आमटी लागलेला कागद कुठलीच चाळणी पुन्हा कोरडा करत नाही, आणि पाणी सुटलेला ओला कचरा भट्टीत घातला तर बरीचशी उष्णता तो वाळवण्यातच खर्च होते. माझं मत स्पष्ट आहे: ज्या शहरात घरातून कचरा मिसळून निघतो, तिथं यंत्रावर घातलेले कोट्यवधी रुपये हे बहुतांशी मनाचं समाधान असतं.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. अल्मित्रा पटेल यांनी 1996 साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली, त्या पाठपुराव्यातून 2000 साली देशात घनकचऱ्याचे पहिले नियम आले. 2016च्या सुधारित नियमांनी कचरा निर्माण करणाऱ्या प्रत्येकावर, म्हणजे तुमच्या-माझ्यावर, ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करून देण्याचं बंधन घातलं. नियम आहे, दंड आहे, घंटागाडीवर गाणंही आहे. तरी अनेक इमारतींत दोन रंगांचे डबे शेजारी शेजारी उभे असतात आणि दोन्हींत तेच असतं.

नियम येण्याच्या कितीतरी आधीपासून हे निवडण्याचं काम शहरात चालू होतं. फक्त ते घरात होत नव्हतं, उकिरड्यावर होत होतं. पाठीवर पोतं घेतलेल्या बायका कचराकुंडीत हात घालून कागद, काच, पत्रा, प्लास्टिक वेचत आणि दुकानदाराला विकत. कुत्री चावत, काच लागे, पोलीस चोर समजून हटकत. 1990च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या काही जणी पुण्यातल्या या बायकांमध्ये काम करू लागल्या. लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने ही त्यातली दोन नावं. बायकांसोबत फेरीला गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की सुका कचरा घरातूनच वेगळा मिळाला तर याच बाईला कमी वेळात, कमी घाणीत, जास्त पैसे मिळतात. म्हणजे वर्गीकरणाचा विचार पुण्यात पर्यावरणाच्या परिसंवादातून आलेला नाही. तो मजुरीच्या हिशेबातून आला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, आणि कचऱ्यावरच्या पुस्तकांत ती सहसा तळटीपेतही नसते.

1993च्या मे महिन्यात पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली. हमालांची पंचायत उभी करणारे बाबा आढाव तिच्या पाठीशी होते. आठशेवर कचरावेचक जमले आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना जन्माला आली. पुढे संघटनेनं दिलेल्या ओळखपत्रांना महापालिकेनं मान्यता दिली. ज्या बाईला कुंडीपाशी पाहून लोक दारं लावून घेत, तिच्या गळ्यात शहराची मान्यता असलेलं कार्ड आलं. याच सभासदांच्या मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था 2008पासून महापालिकेशी करार करून घरोघर कचरा गोळा करू लागली. तिचे तीन हजारांहून अधिक सभासद आहेत. त्यांत स्त्रिया बहुसंख्य, आणि त्याही बहुसंख्य दलित समाजांतल्या. कमाईचे दोन भाग: घरटी दरमहा मिळणारं शुल्क आणि विकलेल्या सुक्या मालाचे पैसे.

हा दुसरा भाग नीट लक्षात घ्यायला हवा. आपण कोरडं वर्तमानपत्र, पुठ्ठा, बाटल्या वेगळ्या दिल्या तर ते कुणाचं तरी त्या दिवसाचं उत्पन्न असतं. तेच आपण उरलेल्या भातावर टाकलं तर ते उत्पन्न आपण बुडवलेलं असतं, आणि वर तो भात हातानं बाजूला करण्याचं काम तिच्यावर फुकट लादलेलं असतं. सोसायटीच्या सभांमध्ये 'आम्ही पैसे देतो, मग निवडायचं आम्हीच का' असा प्रश्न हटकून येतो. दरमहाचे पैसे कचरा नेण्याचे असतात. दुसऱ्याच्या घरातलं उष्टं चिवडण्याचा दर कुणी ठरवलेला नाही, आणि ठरवूही नये.

वापरलेल्या सॅनिटरी पॅडचा प्रश्न याच बायकांनी चव्हाट्यावर आणला. ते उघडे किंवा पिशवीत कोंबलेले येत आणि निवडताना हाताला लागत. 2013 साली महिला दिनाच्या निमित्तानं कचरावेचकांनी असे पॅड पोत्यांत भरून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवले: माल तुमचा, विल्हेवाटीचं काय ते तुम्ही बघा. पुढे वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची पद्धत आली. ठिपका पाहिला की पुडी उघडायची नाही. हा ठिपका काढायला दोन सेकंद लागतात. लहान मुलांचे आणि आजारी माणसांचे डायपरही याच वाटेनं जायला हवेत.

सुका कचरा ही एक वस्तू नाही, ते एक बाजारपेठेचं गाठोडं आहे आणि त्यातल्या प्रत्येक जिनसाचा भाव निराळा. रद्दी कोरडी असेल तर भाव, भिजली की नाही. तेल मुरलेलं पिझ्झाचं खोकं पुठ्ठ्यात जात नाही. त्याचं कोरं झाकण फाडून तेवढंच देता येतं. कागदाचा लगदा दर फेरीला आखूड धाग्यांचा होत जातो, म्हणून कागद अनंत वेळा कागद होत नाही. लोखंड आणि ॲल्युमिनियम मात्र वितळून पुन्हा तेच होतात. खनिजापासून नवं ॲल्युमिनियम काढायला जितकी ऊर्जा लागते, तिच्या साधारण 5 टक्क्यांत जुनं पुन्हा वापरात येतं. भंगारवाला डब्याच्या पत्र्याला नाक मुरडत नाही, त्याचं कारण हेच. काचेची अख्खी बाटली धुऊन पुन्हा भरता येते. फुटलेल्या काचेला मात्र भाव जेमतेम आणि ती हात कापते, म्हणून ती कागदात गुंडाळून, वर तसं लिहून द्यावी.

प्लास्टिकबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात 1पासून 7पर्यंत आकडा असतो. तो आकडा प्लास्टिकची जात सांगतो, त्याचा पुनर्वापर होईलच अशी हमी देत नाही. पाण्याची बाटली 1 नंबरची. तिला गिऱ्हाईक चांगलं, पण तिची पुन्हा बाटली होण्यापेक्षा पॉलिस्टरचा धागा होण्याची शक्यता जास्त. त्या धाग्याचा शर्ट फाटल्यावर पुढे त्याचं काय करायचं, याचं उत्तर कुणाकडे नाही. शाम्पूच्या आणि फिनेलच्या बाटल्या 2 नंबरच्या, त्यांना भाव बरा. थर्माकोल 6 नंबरचा. तो हलका, फुगीर, पोतं भरलं तरी वजन काही भरत नाही, म्हणून कुणी नेत नाही.

आणि वेफर्सचं पाकीट. आतून चंदेरी, बाहेरून रंगीत, मध्ये एकमेकांना घट्ट चिकटलेले वेगवेगळ्या जातींचे थर. त्यामुळे वेफर कुरकुरीत राहतो आणि त्यामुळेच ते पाकीट भंगाराच्या दुकानात बिनकामाचं ठरतं. थर सुटे करणं परवडत नाही. बिस्किटांचे अनेक पुडे, शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, सगळ्यांची हीच कथा. हे फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातं. त्याला पुनर्वापर म्हणणं हा कंपन्यांच्या जाहिरात खात्याचा उत्साह आहे.

दुधाची पिशवी हा आपल्या घरांचा खास विषय. चार माणसांच्या घरात रोज एक लिटर दूध धरलं तरी अर्ध्या लिटरच्या वर्षाला सातशेवर पिशव्या होतात. ते प्लास्टिक चांगल्या प्रतीचं, त्याला मागणी आहे, आणि पिशव्या धुऊन खिडकीच्या गजाला वाळत घालणाऱ्या आपल्या आया-मावश्यांना ते कुठल्याही जनजागृती मोहिमेआधी माहीत होतं. अडचण आहे ती कोपऱ्याची. कात्रीनं कापून टाकलेला तो चिमुकला तुकडा ना वेचणारीच्या बोटांत येतो ना चाळणीत अडकतो; तो गटारात, मातीत, गुरांच्या पोटात जातो. कोपरा पूर्ण न कापता पिशवीला लटकता ठेवला, की काम झालं. 2018च्या प्लास्टिकबंदीत राज्य सरकारनं दुधाची पिशवी परत घेताना 50 पैसे देण्याची तरतूद केली होती. दुकानदाराकडे ते 50 पैसे मागणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. रद्दीवाल्याशी मात्र किलोमागे रुपयासाठी घासाघीस चालू असते.

घातक कचऱ्याबद्दल थोडक्यात, कारण त्याचं प्रकरण पुस्तकात पुरेसं सविस्तर आहे. मुदत संपलेली औषधं, बॅटऱ्या, ट्यूबलाइट, पाऱ्याचे थर्मामीटर, रंगाचे डबे, डासांच्या औषधाच्या बाटल्या यांना घरात एक वेगळं खोकं हवं. ते भरायला सहा महिने लागतील. औषधं बेसिनमध्ये ओतू नयेत. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत बंद करूनच द्याव्यात.

ओल्या कचऱ्याचं मात्र मन लावून वाचावं, कारण इथं आपण कुणावरही अवलंबून नसतो. गच्ची लागत नाही, गॅलरी पुरते. भोकं पाडलेली बादली किंवा जाळीची टोपली, खाली नारळाच्या शेंड्यांचा थर, मग रोजची सालं आणि देठं. लोक इथवर येतात आणि आठवड्यात वासानं हैराण होऊन सोडून देतात. वास येतो कारण त्यांनी फक्त ओलं टाकलेलं असतं. खत करणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं तसा कर्बही लागतो. ओल्या सालींत नत्र आणि पाणी भरपूर. कर्ब असतो वाळलेल्या पाल्यात, लाकडाच्या भुश्शात, कोकोपीटमध्ये. जेवढी सालं तेवढाच, जरा जास्तच, वाळका पाला वर पसरला की ओल शोषली जाते, हवा खेळती राहते आणि वास थांबतो. अमोनियाचा उग्र वास आला तर पाला कमी पडला. सडक्या अंड्यासारखा आला तर हवा कमी पडली, काठीनं हलवा. पांढुरक्या अळ्या दिसल्या तर किंचाळू नका, त्या तुमचंच काम करताहेत. आणि शहरातला पानगळीचा पाला, जो पहाटे झाडून कोपऱ्यात पेटवला जातो आणि ज्याच्या धुरानं अर्धी सोसायटी खोकते, तोच या टोपलीचा कच्चा माल आहे.

घरच्या टोपलीतल्या खताला एक गंमत चिकटलेली असते: ते कुंडीत घातलं की न लावता टोमॅटोची, मिरचीची, पपईची रोपं उगवतात. मोठ्या ढिगात आतलं तापमान साठ अंशांच्या घरात जातं आणि बिया मरतात. छोट्या टोपलीत तेवढी उष्णता साठत नाही. ज्यांना हे आवडत नाही त्यांनी बिया वेगळ्या काढाव्यात; बहुतेकांना आवडतं.

शिजवलेल्या अन्नासाठी दुसरी वाट आहे. डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेनं घरगुती बायोगॅसचं लहान संयंत्र तयार केलं, त्याला 2006 साली ब्रिटनमधला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. कर्व्यांचा मुद्दा बिनतोड होता. शेण म्हणजे गायीनं आधीच पचवलेलं अन्न. त्यात जिवाणूंना खायला उरतं किती? त्याऐवजी पिष्ट असलेलं उरलंसुरलं, पीठ, शिळा भात दिला तर थोड्या मालात, लवकर आणि जास्त वायू मिळतो. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला 'निसर्गऋण' प्रकल्प याच वायूचा विचार मोठ्या वसाहती आणि नगरपालिकांसाठी करतो. तंत्राची वानवा आपल्याकडे कधीच नव्हती, वानवा आहे ती निगा राखण्याची. मालमत्ता करात सवलत मिळते म्हणून बसवलेली खताची टाकी, आत कोळिष्टकं आणि बाहेर दरवर्षी लागू होणारी सवलत, असं दृश्यही मी पाहिलेलं आहे. टाकीला रोज दहा मिनिटं देणारा माणूस ठरलेला नसेल तर टाकी बांधूच नये.

अशा पुस्तकात कुणीतरी आजीच्या घराची आठवण काढतंच. जुन्या धोतराचा आधी पंचा, मग दुपटं, मग फडकं, साड्यांची गोधडी, बोहारणीला कपडे देऊन भांडी, शिळ्या पोळीचा कुस्करा, भांडी घासायला राख, भाजीची देठं गोठ्यात. सगळं खरं आहे आणि त्यातलं पुष्कळ परत आणण्याजोगं आहे. पण त्या घराचं गुणगान करताना दोन गोष्टी सोयिस्करपणे विसरल्या जातात. ही काटकसर बाईच्या न मोजलेल्या कष्टांवर उभी होती. गोधडी आपोआप शिवली जात नव्हती. आणि त्या घरातूनही मैला, मेलेलं जनावर, अंगणापलीकडची घाण निघत होतीच. ती कुणी उचलायची हे जातीनं ठरवून ठेवलं होतं. गाडगेबाबांनी गावात शिरताच हातात खराटा घेतला, त्यामागचं शहाणपण आपण नीट घेतलेलंच नाही. आपण त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं, ते चांगलंच झालं. पण खराटा कुणाच्या हातात असावा, हा त्यांचा प्रश्न होता. आजही फ्लॅटमध्ये ओला-सुका वेगळा करण्याचं काम घरच्या बाईवर किंवा कामाला येणाऱ्या ताईंवर पडतं, आणि पर्यावरणावर बोलण्याचं काम पुरुष करतात. पुस्तकातली एकही सूचना अशी नाही जी पुरुषाला जमणार नाही.

आता डब्याच्या अलीकडच्या गोष्टींकडे येतो. पुनर्वापराविषयी इतकं लिहिल्यावर हे सांगणं विचित्र वाटेल, पण पुनर्वापर हा दुसऱ्या क्रमांकाचा उपाय आहे. पहिला उपाय म्हणजे वस्तू घरात न आणणं. त्याची जाहिरात कुणी करत नाही, कारण त्यात कुणालाच विकायला काही नसतं. 2005च्या 26 जुलैला मुंबई बुडाली तेव्हा नाले तुंबण्यात प्लास्टिकच्या पिशव्यांचा वाटा चर्चेत आला. पातळ पिशव्यांवर निर्बंध आले आणि पुढे 2018च्या मार्चमध्ये राज्यानं पिशव्यांपासून थर्माकोलच्या ताटांपर्यंत बऱ्याच गोष्टींवर बंदी घातली. जूनमध्ये अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा लोक खरोखरच घरून पिशव्या घेऊन निघू लागले होते. हळूहळू धार बोथट झाली. भाजीवाल्याकडे पातळ पिशवी परत आली. दुकानात आली ती रंगीत, कापडासारखी दिसणारी पिशवी. ती कापडाची नाही. ती पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. काडेपेटीची काडी टेकवली तर जळून राख होण्याऐवजी वितळून गोळा होते. कागदी चहाच्या कपालाही आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा टेबलावर आला असता. लग्नातल्या चंदेरी पत्रावळीचं तेच. बंदीची पळवाट शोधणारी वस्तू मूळ वस्तूपेक्षा बरी असेलच असं नाही.

त्या मानानं न आणण्याचे उपाय अगदी साधे आहेत, इतके की ते लिहायला संकोच वाटतो. स्कूटरच्या डिकीत कायमची एक कापडी पिशवी. मासे-मटणाला घरचा डबा. सुटी डाळ मिळत असेल तर सुटी. प्रवासात पाण्याची बाटली. दहा मिनिटांत घरी येणारी कोथिंबीर मागवण्याआधी, ती कशात गुंडाळून येते याचा विचार. पाहुण्यांना स्टीलचे पेले; धुवायला कंटाळा असेल तर पाहुण्यांनाही धुवायला सांगावं, आजकाल कुणी रागावत नाही. गणपतीत थर्माकोलचं मखर बंद झाल्यावर कुणाची भक्ती कमी झाल्याचं ऐकिवात नाही.

मोठ्या शहरांना जे जमलं नाही ते एका लहान गावाला जमलं, म्हणून वेंगुर्ल्याचा उल्लेख करायला हवा. तिथले तेव्हाचे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांनी नगरपरिषदेला आणि नागरिकांना कचरा वीस-बावीस प्रकारांत निवडायची सवय लावली. ओल्यापासून वायू, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात, उरलेलं भंगारात. जिथं नाक दाबून जावं लागे त्या डंपिंगच्या जागी बाग झाली आणि लोक ती बघायला येऊ लागले. वेंगुर्ल्याची लोकसंख्या लहान, हे खरं. पण पुण्यातली एक पेठ किंवा मुंबईतला एक वॉर्डही काही एकदम सुधारायचा नसतो. एका गल्लीचं तर वेंगुर्ल्याहून सोपं असायला हवं.

हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. ज्यांच्या घरात आजही एकच डबा आहे त्यांनी तिसरं प्रकरण आधी वाचावं आणि दुसऱ्या दिवशी दुसरा डबा आणावा. नवा विकत आणायची गरज नाही, पाच लिटर तेलाचा रिकामा कॅन कापला तरी चालतो. ज्यांचं खत एकदा फसलं आहे त्यांनी थेट सातव्याकडे जावं. सोसायटीच्या सचिवांनी शेवटचं प्रकरण वार्षिक सभेआधी वाचावं, सभेत वाचून दाखवू नये.

आणि एक विनंती. तुमच्या दारात रोज कचरा न्यायला कोण येतं, त्यांचं नाव माहीत करून घ्या आणि त्यांना विचारा, की आमच्या घरचा कचरा कसा असतो, काय वेगळं द्यायला हवं, काय तुम्ही विकू शकता आणि कशानं हात कापतो. गावोगावी पद्धती निराळ्या, भंगाराचे भाव निराळे, गाडीची वेळ निराळी. छापलेल्या पुस्तकाला ते सगळं माहीत असणं शक्य नाही. या पुस्तकातली एखादी सूचना आणि त्यांचं म्हणणं यांत फरक पडला, तर त्यांचं ऐका.